शेपटीतला बाक

पेशीपटल म्हणजे पेशीची भिंत, असा अनेकांचा समज असतो. भिंत म्हटलं की काहीतरी घट्ट डोळ्यांसमोर येतं. पण हे पटल जेमतेम ४-५ नॅनोमीटर जाडीचं आणि तेलासारखं प्रवाही असतं. त्यातली प्रथिनं सरकली, फिरली तरच पेशीची कामं होतात. पटल थिजलं की सगळं अडतं.

ते कधी थिजणार, हे बरंचसं लिपिडच्या, म्हणजे पटल ज्या मेदरेणूंचं बनतं त्यांच्या, शेपट्यांवर ठरतं. फॉस्फोलिपिड या पटलातल्या मुख्य लिपिडच्या रेणूला पाण्याकडे तोंड केलेलं एक डोकं आणि मेदाम्लांच्या दोन लांब शेपट्या असतात. थंडीत या शेपट्या ताठ, एकमेकींना खेटून उभ्या राहतात. ऊब मिळाली की वळवळू लागतात आणि रेणू पांगतात.

शेपटी लांब, तर शेजारणीला चिकटायला जागा जास्त, म्हणून वितळायला उष्णताही जास्त. फॉस्फॅटिडिलकोलीन या लिपिडच्या दोन्ही शेपट्यांत १४-१४ कार्बन असतील तर थिजलेल्याचं प्रवाही होण्याचं हे अवस्थांतर साधारण २४ अंश सेल्सियसला होतं, १६ असतील तर ४१ला, १८ असतील तर ५५ला. म्हणजे दोन कार्बन वाढले की आधी १७ अंशांची भर, मग १४ची. हिशेब सरळ रेषेत चालत नाही.

पण लांबीपेक्षा बाक भारी! १८ कार्बनांच्या त्याच शेपट्यांत मधोमध, नवव्या आणि दहाव्या कार्बनांमध्ये, एकेक सिस दुहेरी बंध (साखळीचे दोन्ही तुकडे बंधाच्या एकाच बाजूला) आला की ५५ अंशांचा आकडा थेट उणे १७वर घसरतो. प्रत्येक शेपटीतले दोन हायड्रोजन काय ते गेले. पण शेपटी तिथे वाकली, आणि वाकड्या काड्यांची मोळी घट्ट बांधता येत नाही. तोच बंध ट्रान्स (दोन्ही तुकडे विरुद्ध बाजूंना) असेल तर शेपटी जवळपास सरळ राहते आणि आकडा १२ अंशांच्या आसपास येतो. सिस बंध मध्यापासून टोकाकडे सरकवला तरी तापमान पुन्हा चढतं, कारण एका बाजूला लांब सरळ तुकडा शिल्लक राहतो.

जिवाणू ही युक्ती सर्रास वापरतात. थंडीत वाढणारा ई. कोलाय पटलातली असंपृक्त, म्हणजे दुहेरी बंध असलेली, मेदाम्लं वाढवतो. बॅसिलस कुळातले जिवाणू शेपटीच्या टोकाजवळ फाटा फोडतात. टोकापासून दुसऱ्या कार्बनावरचा फाटा शेजारणी खपवून घेतात. तिसऱ्यावरचा मात्र त्यांना दूर सारतो. गारवा वाढला की हे जिवाणू तिसऱ्यावरचा फाटा जास्त काढतात.