मळीत राहिलेले तांबे, गाळात उतरलेले सोने

एक टन तांबे गाळून निघते तेव्हा त्याच भट्टीतून दोन टनांहून जास्त धातुमळीही निघते. आज बऱ्याच खाणींच्या कच्च्या खनिजात जेमतेम अर्धा-पाऊण टक्का तांबे सापडते. भट्टीतून नुकत्याच काढलेल्या मळीत मात्र ते एक-दोन टक्क्यांपर्यंत असू शकते. डोंगर फोडून जे मिळवायचे, त्याहून सकस माल पूर्वी सर्रास उकिरड्यावर जात असे.

हे तांबे मळीत राहते कसे? भट्टीत साधारण १२५० अंश सेल्सियसला द्रवाचे दोन थर होतात. खनिजातल्या लोहाचा वाळूतल्या सिलिकाशी संयोग होऊन मळी बनते आणि हलकी म्हणून वर राहते. तांबे गंधकासह खालच्या जड थरात बसते. पण मळी दाट असते. तांब्याचे बारीक थेंब तळाशी पोचण्याआधीच तिला ओतून काढायची वेळ होते. शिवाय थोडे तांबे ऑक्सिजनशी जोडले जाऊन मळीत चक्क विरघळलेले असते.

यावरचा एक उपाय मला फार आवडतो, कारण त्यातले निम्मे काम नुसता वेळ करतो. मळीवर पाणी मारून ती झटकन थिजवली, तर ती काचेसारखी होते आणि तांबे सूक्ष्म कणांत विखुरलेले राहते. तीच मोठाल्या पात्रांत सावकाश निवू दिली, की विरघळलेले तांबे वेगळे होऊ लागते आणि थेंब एकमेकांत मिसळून मोठे होतात. अशा मळीचा तुकडा घासून गुळगुळीत करून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला, तर करड्या स्फटिकांच्या लांबट पट्ट्यांमध्ये धातूचे झळाळते ठिपके दिसतात. मग मळी पिठासारखी दळायची, पाण्यात कालवायची, झँथेट नावाचे रसायन घालायचे आणि हवा सोडायची. झँथेट चिकटलेल्या कणांना पाणी भिजवू शकत नाही. ते बुडबुड्यांना धरून फेसाबरोबर वर येतात आणि तो फेस पुन्हा भट्टीकडे जातो.

खरा खजिना मात्र पुढच्या टप्प्यात सापडतो. ९९ टक्के शुद्ध तांब्याचे जाड पत्रे आम्लाच्या टाकीत टांगून विजेच्या साहाय्याने शुद्ध करतात, तेव्हा तांबे विरघळून समोरच्या पत्र्यावर जाऊन बसते. सोने, चांदी, प्लॅटिनम विरघळत नाहीत. टाकीच्या तळाशी त्यांचा काळपट गाळ साचतो. सेलेनियम आणि टेल्युरियमही त्यातच असतात. जगातले बहुतेक टेल्युरियम याच गाळातून येते आणि कॅडमियम टेल्युराइडची सौर पॅनेले त्यावरच उभी आहेत. इंडियम आणि जर्मेनियम यांचीही तीच गत. त्यांच्यासाठी म्हणून खाणी जवळजवळ नाहीतच. मुख्यतः जस्ताच्या कारखान्यातल्या उरल्यासुरल्या पदार्थांतून ते वेचावे लागतात.

मात्र हे वेचणे सोपे नाही. मळीवर थेट आम्ल ओतले तर धातूंबरोबर सिलिकाही विरघळते, तिची चिकट जेली होते आणि गाळण्या तुंबतात. आर्सेनिक आणि शिसे सोबत निघाले, तर त्यांची सुरक्षित विल्हेवाट लावणे हे वेगळेच काम होऊन बसते. म्हणूनच निरनिराळ्या टप्प्यांवरचा टाकाऊ माल एकाच ढिगात ओतणे मला अक्षम्य वाटते. निघतानाच वेगळा ठेवलेला गाळ सोडवता येतो, कालवलेला ढीग सोडवताना खर्च आणि विष दोन्ही वाढतात.

जुने ढीग पुन्हा उकरण्याचा विचार काही आजचा नाही. ग्रीसमधल्या लॉरियनच्या चांदीच्या खाणींजवळ लोक जुनी मळी पुन्हा वितळवून चांदी काढत, असे भूगोलकार स्ट्रॅबोने दोन हजार वर्षांपूर्वी लिहून ठेवले आहे. पूर्वीच्या कारागिरांना भट्टीचे तंत्र नीट जमले नव्हते, हे कारणही तो देतो. एकोणिसाव्या शतकात त्याच परिसरातली मळी पुन्हा एकदा भट्टीत गेली.

काँगोमधल्या लुबुंबाशी शहरात १९११ साली तांब्याची भट्टी पेटली आणि तिच्या मळीचा काळा डोंगर शहराच्या कुशीत वाढत गेला. अलीकडच्या दशकांत त्यातून कोबाल्ट आणि तांबे काढले जाऊ लागले, आणि २०२४ मध्ये तिथले जर्मेनियमही शुद्धीकरणासाठी बेल्जियमला रवाना झाले. प्रकाशतंतूंच्या केबल आणि अवरक्त कॅमेऱ्यांची भिंगे यांसाठी ते लागते. भट्टी पेटली तेव्हा जर्मेनियमला गिऱ्हाईकच नव्हते. जर्मेनियमचा पहिला ट्रान्झिस्टर १९४७ मध्ये तयार झाला, तोवर या डोंगरावर छत्तीस वर्षे मळी पडत होती.