केशरी मांसातल्या पांढऱ्या रेघा : सॅमन आरोग्याच्या ताटात आला त्यामागची गोष्ट

सॅमनची कच्ची तुकडी उजेडात धरून बघा. केशरी मांसाच्या पाकळ्यांमधून पांढऱ्या बारीक रेघा वळत गेलेल्या दिसतात. स्नायूंच्या थरांमध्ये पातळ पडदे असतात आणि त्या पडद्यांत चरबी साठलेली असते. या रेघा त्याच. आहारतज्ज्ञ आज सॅमन खायला सांगतात ते मुख्यतः याच चरबीसाठी. प्रथिनं तर बहुतेक माशांत भरपूर असतात. ज्या काळात चरबी या शब्दानेच लोक दचकत होते, त्या काळात एका चरबीदार माशाला हृदयाचा मित्र म्हणून मान मिळाला. हे कसं घडलं ते कळलं, की हा मासा कसा निवडायचा आणि कसा शिजवायचा हेही आपोआप कळत जातं.

सुरुवात नदीपासून करायला हवी, कारण ही चरबी माशाने स्वतःच्या प्रवासासाठी साठवलेली असते. सॅमन गोड्या पाण्यात जन्मतो, समुद्रात जाऊन वाढतो आणि अंडी घालायला पुन्हा आपल्याच नदीत परततो. स्वतःची नदी तो वासावरून ओळखतो, ही कल्पना आर्थर हॅसलर आणि वॉरन विस्बी या संशोधकांनी १९५१ मध्ये मांडली आणि पुढच्या प्रयोगांत ती टिकली. गोड्या पाण्यात शिरला की तो खाणं जवळजवळ थांबवतो. पुढची सगळी चढण, धबधबे, अंडी तयार होणं, हे सगळं अंगातल्या साठ्यावर चालतं. अलास्का आणि कॅनडातून वाहणाऱ्या युकॉन नदीतले काही किंग सॅमन जवळजवळ ३,००० किलोमीटर वर चढतात, म्हणून त्यांच्या अंगात चरबी विशेष जास्त असते. छोट्या नदीत चढणाऱ्या पिंक सॅमनला एवढी शिदोरी लागत नाही, त्याचं मांस तुलनेने कोरडं असतं. सॅमन म्हणजे एकच मासा नव्हे, हे इथे लक्षात ठेवावं. अटलांटिक सॅमन वेगळा. त्याला 'साल्मो सालार' हे शास्त्रीय नाव लिनियसने १७५८ मध्ये दिलं. पॅसिफिकमधले किंग, सॉकाय, कोहो, पिंक, चम हे त्याच कुळातल्या वेगळ्या गटातले. पॅसिफिकमधले हे मासे अंडी घालून मरतात, अटलांटिक सॅमन कधी कधी पुन्हा समुद्राकडे फिरतो.

नदीकाठच्या माणसांना हा मासा वर्षातले काही आठवडे मिळायचा आणि तेव्हा तो प्रचंड मिळायचा. त्यामुळे सॅमनच्या पाककलेचा जुना इतिहास हा मुख्यतः टिकवण्याचा इतिहास आहे. उत्तर अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावरच्या आदिवासी समाजांनी तो वाळवला, धुरावर धरला, देवदाराच्या फळीवर आगीसमोर भाजला. हंगामातला पहिला सॅमन ते विधीपूर्वक, सगळ्यांनी वाटून खायचे, आजही खातात. कोलंबिया नदीवरचा सेलिलो धबधबा हे त्यांचं हजारो वर्षांचं मासेमारीचं आणि व्यापाराचं ठिकाण. १० मार्च १९५७ रोजी द डॅलेस धरणाचे दरवाजे बंद झाले आणि काही तासांत तो धबधबा पाण्याखाली गेला. आरोग्यदायी आहार म्हणून सॅमनबद्दल लिहिताना ज्यांचं संपूर्ण आयुष्य या माशावर उभं होतं त्यांच्याकडून तो कसा गेला, हे वगळून पुढे जाणं मला बरोबर वाटत नाही.

स्कँडिनेव्हियात 'ग्रावलाक्स' आला तो असाच टिकवण्याच्या गरजेतून. त्या शब्दाचा अर्थच 'पुरलेला सॅमन'. मध्ययुगातले कोळी मासा हलकं मीठ लावून वाळूत पुरायचे आणि किंचित आंबू द्यायचे. आजचा ग्रावलाक्स मीठ, साखर आणि शेपूच्या भाजीत दोन-तीन दिवस मुरवतात. पुरणं गेलं, नाव राहिलं. इंग्लंडमध्ये १२१५ च्या मॅग्ना कार्टातलं, म्हणजे राजाने मान्य केलेल्या हक्कांच्या सनदेतलं, एक कलम थेम्स, मेडवे आणि इतर नद्यांतले मासे अडवणारे बांध काढून टाकायला सांगतं. नदी मोकळी ठेवण्यावरून भांडण किती जुनं आहे ते यावरून समजतं. तिथेच एक आख्यायिकाही पिढ्यान् पिढ्या सांगितली गेली : सॅमन इतका स्वस्त होता की कामावर ठेवलेली पोरं करारातच लिहून घ्यायची, 'आठवड्यातून दोनदापेक्षा जास्त सॅमन वाढू नये.' असा एकही करार कुणाला सापडलेला नाही. पण 'आठवड्यातून दोनदा' हे शब्द ध्यानात ठेवा, ते पुढे फार वेगळ्या अर्थाने येणार आहेत.

डब्यांनी हे चित्र पालटलं. १८६४ मध्ये कॅलिफोर्नियातल्या सॅक्रामेंटो नदीवर, एका सपाट तळाच्या तराफ्यावर हॅपगुड आणि ह्यूम बंधूंनी सॅमन डबाबंद करायला सुरुवात केली. सोन्याच्या खाणींच्या गाळाने ती नदी आधीच बिघडत चालली होती, दोन वर्षांत ते कोलंबियाकडे सरकले. पुढच्या दोन दशकांत कोलंबियाचा किंग सॅमन जगभर डब्यातून गेला आणि १८८० च्या दशकातच त्याची उतरती कळा लागली. डब्यातल्या सॅमनला मात्र आज कमी लेखू नये. बहुतेक डब्यांत नैसर्गिक वाढीचा पिंक किंवा सॉकाय असतो आणि डब्यातच शिजल्यामुळे काटे इतके मऊ होतात की मांसाबरोबर कुस्करून खाता येतात. त्यातून कॅल्शियम मिळतं, ते ताज्या तुकडीतून मिळत नाही.

आता १९७० कडे येऊ. त्या एका वर्षात, एकमेकांशी काहीही संबंध नसलेल्या दोन जोड्यांनी दोन कामं केली आणि आजचा सॅमन त्या दोन कामांतून तयार झाला.

पहिली जोडी डॅनिश डॉक्टरांची. हान्स ओलाफ बांग आणि यॉर्न डायरबर्ग ग्रीनलंडच्या वायव्य किनाऱ्यावर उम्मानाक भागात गेले आणि त्यांनी तिथल्या १३० इनुइट या मूळ रहिवाशांच्या रक्ताचे नमुने घेतले. ही माणसं भरपूर चरबी खातात, तरी त्यांच्यात हृदयविकार कमी असल्याचं बोललं जातं, ते का, हा त्यांचा प्रश्न होता. रक्तात त्यांना ईपीए आणि डीएचए ही लांब साखळीची ओमेगा-३ मेदाम्लं सापडली. ईपीएमुळे रक्तातले बिंबाणू (प्लेटलेट्स) एकमेकांना चिकटण्याचं प्रमाण कमी होतं आणि म्हणून गुठळ्या कमी होत असाव्यात, असं त्यांनी १९७८ मध्ये मांडलं. इथे दोन गोष्टी स्पष्ट सांगायला हव्यात. हे इनुइट प्रामुख्याने सील आणि व्हेल खात होते, सॅमन नव्हे. आणि बांग-डायरबर्ग यांनी तिथलं हृदयविकाराचं प्रमाण स्वतः मोजलं नव्हतं. ते जुन्या नोंदींवर विसंबले होते. २०१४ मध्ये झालेल्या फेरतपासणीत त्या नोंदी कच्च्या असल्याचं आणि इनुइटांमध्ये हृदयविकार इतरांइतकाच असल्याचं पुढे आलं. तरीही प्रश्न योग्य विचारला गेला होता, आणि त्यातून पुढचं संशोधन उभं राहिलं.

दुसरी जोडी नॉर्वेतल्या भावांची. ओवे आणि सिवर्ट ग्रॉन्टवेट यांनी हिट्रा बेटाजवळ समुद्रात तरंगत्या जाळ्याच्या पिंजऱ्यात सॅमनची सुमारे २०,००० पिल्लं सोडली. मासे जगले, वाढले, विकले गेले. त्याच सुमारास ट्रिग्वे येद्रेम यांच्या गटाने नॉर्वेतल्या सुमारे ४० नद्यांमधून अंडी गोळा करून निवड पद्धतीने पैदास सुरू केली, जशी गुराढोरांची करतात तशीच. पिढ्यांमागून पिढ्या मासा लवकर वाढू लागला. आज एकटा नॉर्वे वर्षाला १५ लाख टनांच्या आसपास सॅमन पिकवतो आणि जगात खाल्ल्या जाणाऱ्या सॅमनपैकी निम्म्याहून बराच अधिक शेतीतला असतो.

शेतीतल्या या माशानेच सुशीतला सॅमन दिला. जपानमध्ये सॅमन खारवून, भाजून खात, कच्चा खात नसत, कारण पॅसिफिकच्या नैसर्गिक सॅमनमध्ये अनिसाकिस नावाचा कृमी असू शकतो. नॉर्वेने १९८० च्या दशकाच्या मध्यात जपानमध्ये प्रचार मोहीम चालवली : कोरड्या खाद्यावर पिंजऱ्यात वाढलेल्या माशात हा धोका नगण्य आहे. चरबीदार, मऊ मांस जिभेवर विरघळतं हे लोकांना पटायला काही वर्षं लागली, पण पटलं.

दरम्यान पुरावे जमत होते. १९८५ मध्ये नेदरलँड्समधल्या झुटफेन गावच्या ८५२ पुरुषांचा वीस वर्षांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. मासे अजिबात न खाणाऱ्यांच्या तुलनेत, दिवसाला सरासरी ३० ग्रॅम किंवा जास्त मासे खाणाऱ्यांत हृदयविकाराने मृत्यू निम्म्याहून कमी होते. १९८९ मध्ये वेल्समधल्या 'डार्ट' चाचणीत हृदयविकाराचा झटका येऊन गेलेले २,०३३ पुरुष होते. ज्यांना आठवड्यातून किमान दोनदा चरबीदार मासे खायला सांगितलं, त्यांच्यात दोन वर्षांत एकूण मृत्यू २९ टक्क्यांनी कमी झाले. आठवड्यातून दोनदा! आख्यायिकेतल्या पोरांना दोनदापेक्षा जास्त नको होता, आणि आता वैद्यक म्हणत होतं, दोनदापेक्षा कमी नको. २००२ मध्ये अमेरिकन हार्ट असोसिएशननेही आठवड्यातून दोनदा मासे, त्यातही चरबीदार, असा सल्ला छापला.

पुढचा भाग उत्साहावर थोडं पाणी टाकणारा आहे. एन्जाइना, म्हणजे हृदयाला रक्त कमी पडून छातीत दुखण्याचा त्रास, असलेल्या पुरुषांवरच्या दुसऱ्या 'डार्ट' चाचणीत, २००३ मध्ये, हा फायदा दिसला नाही. २५,८७१ जणांवरच्या 'व्हायटल' चाचणीचे निष्कर्ष २०१८ मध्ये आले : रोज १ ग्रॅम ओमेगा-३ च्या गोळीने निरोगी माणसांत हृदयविकार आणि पक्षाघातासारख्या मोठ्या घटना एकत्र मोजल्या तर लक्षणीय घट झाली नाही. त्याच वर्षी हार्ट असोसिएशनने माशाचा सल्ला कायम ठेवला, आठवड्यातून एक-दोन वेळा, आणि त्यात एक मुद्दा ठळक केला : ताटातला कमी आरोग्यदायी पदार्थ काढून त्या जागी मासा आला तर फायदा जास्त. मला हा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा वाटतो. सॅमन म्हणजे औषध समजून जेवणावर वरून घालायची गोष्ट नव्हे, तो जेवणच आहे. १०० ग्रॅम शेतीतल्या सॅमनमध्ये सुमारे २० ग्रॅम प्रथिनं, १३ ग्रॅम चरबी, त्यातलं साधारण एक ते दोन ग्रॅम ओमेगा-३, शिवाय ड जीवनसत्त्व, बी-१२ आणि सेलेनियम असतं, आणि पारा मोठ्या शिकारी माशांच्या मानाने फार कमी असतो. हे सगळं एका घासात येतं, गोळीत येत नाही.

शेतीतल्या माशाबद्दलच्या शंका खऱ्या होत्या. १९८७ मध्ये नॉर्वेतल्या पिंजऱ्यांत सुमारे ५० टन प्रतिजैविकं वापरली गेली. लस आल्यावर हा वापर काही वर्षांत ९० टक्क्यांहून जास्त घटला, उत्पादन वाढत असतानाही. मासा पळून जंगली माशांत मिसळणं आणि माशाच्या अंगावर जगणाऱ्या समुद्री उवा हे प्रश्न मात्र अजून सुटलेले नाहीत. २००४ मध्ये एका मोठ्या तपासणीत शेतीतल्या सॅमनमध्ये पीसीबीसारखी प्रदूषकं जंगली माशांपेक्षा जास्त आढळली. कारण खाद्यात होतं : छोट्या माशांचं तेल, आणि त्या तेलात साठलेली प्रदूषकं. १९९० च्या सुमारास नॉर्वेतल्या सॅमनच्या खाद्यात ९० टक्के भाग समुद्रातून यायचा, २०१३ पर्यंत तो ३० टक्क्यांच्या आसपास आला, बाकी सोया, मोहरीवर्गातल्या बियांचं तेल वगैरे. प्रदूषकं घटली, पण ओमेगा-३ ही घटलं. ईपीए-डीएचए मुळात सूक्ष्म शैवाल बनवतं, मासा ते मुख्यतः खाण्यातून साठवतो. म्हणून आता शैवालापासून थेट काढलेलं तेल खाद्यात घालू लागले आहेत. रंगाचंही तसंच. कोळंबी आणि तिच्यासारख्याच छोट्या क्रिलमधल्या ॲस्टाझँथिन या रंगद्रव्यामुळे जंगली सॅमन केशरी होतो. पिंजऱ्यात ते रंगद्रव्य खाद्यातून द्यावं लागतं. म्हणून नुसत्या गडद रंगावरून मासा चांगला ठरवू नये.

शेवटी चूल. शेकडो वर्षं सॅमन एक तर टिकवला जायचा, नाही तर मोठ्या लांबट भांड्यात अख्खा उकडला जायचा आणि बहुतेक वेळा जास्तच शिजायचा. १९६० च्या दशकात फ्रान्समधल्या रोआन गावी पिएर आणि जाँ त्रोआग्रो या भावांनी सॅमनचे पातळ काप जेमतेम काही सेकंद तव्यावर धरून आंबट चुक्याच्या सॉसमध्ये वाढले. मासा मधोमध ओलसर राहू शकतो, हे तेव्हापासून स्वयंपाकघरांत रुजत गेलं.

घरी करताना तुकडीची कातडी कागदाने अगदी कोरडी पुसा, कातडीची बाजू खाली ठेवून मध्यम आचेवर सोडा आणि हलवू नका. कडेने बघत राहा. मांसाचा रंग खालून वर फिका होत जातो, पाकळ्या सुट्या व्हायला लागतात. बाजूने पांढरे थेंब यायला लागले तर आच जास्त झाली; ते थेंब म्हणजे आकसलेल्या स्नायूंतून पिळून निघालेलं अल्ब्युमिन नावाचं प्रथिन. आधी दहा मिनिटं हलक्या मिठाच्या पाण्यात ठेवलं तर ते कमी येतं. आतलं तापमान ५० अंशांच्या आसपास मासा सर्वांत रसाळ असतो. अमेरिकेची अधिकृत शिफारस ६३ अंशांची आहे आणि गरोदर स्त्रिया, म्हातारी माणसं, प्रतिकारशक्ती कमी असलेले, यांनी तीच पाळावी. थंड धुरी दिलेला सॅमनही गरोदरपणात टाळावा, लिस्टेरिया या जिवाणूची भीती असते. शिवाय त्याच्या १०० ग्रॅममध्ये सुमारे ३ ग्रॅम मीठ असू शकतं. जंगली मासा कच्चा खायचाच असेल तर तो उणे २० अंशांवर सात दिवस गोठवलेला हवा.

आणि तळू नका. दारियुश मोझफ्फरियन यांच्या गटाने अमेरिकेतल्या वयस्कर माणसांच्या खाण्याचा मागोवा घेतला, तेव्हा भाजलेले किंवा बेक केलेले मासे खाणाऱ्यांत हृदयविकाराचे मृत्यू कमी दिसले, तळलेल्या माशांच्या बाबतीत तसं दिसलं नाही. सॅमनला तेल लागतही नाही. तापलेल्या तव्यावर कातडीखालची चरबी मिनिटभरात सुटते आणि तुकडी तिच्यातच कुरकुरीत होते.