मानेच्या ग्रंथी आधीच काढायच्या, की गाठ दिसल्यावर?

जिभेच्या किंवा गालाच्या आतील बाजूच्या कर्करोगात मूळ गाठीबरोबर मानेतील लसिकाग्रंथीही (लिम्फ नोड) काढतात. परंतु 'इलेक्टिव्ह नेक डिसेक्शन' आणि 'थेराप्युटिक नेक डिसेक्शन' हे दोन शब्द कागदपत्रांत दिसले की रुग्णाचे नातेवाईक गोंधळतात, कारण दोन्हींत मानेवर छेद घेऊन ग्रंथीच काढल्या जातात. खरा फरक शस्त्रक्रिया केव्हा आणि कशाच्या आधारावर केली जाते, यात आहे.

तपासणीत मानेत गाठ लागत नसतानाही, तोंडातील गाठ काढतानाच त्या बाजूच्या ग्रंथी काढणे म्हणजे इलेक्टिव्ह पद्धत. तिच्यात सहसा जबड्याखालील आणि मानेच्या वरच्या व मधल्या भागातील ग्रंथीच काढाव्या लागतात. थेराप्युटिक पद्धतीत ग्रंथींमध्ये रोग आढळल्यावर शस्त्रक्रिया होते आणि ती बहुधा अधिक विस्तृत असते. पहिल्याच भेटीत मानेत रोग दिसत असेल, तर वाद उरतच नाही. प्रश्न पडतो तो मान स्वच्छ वाटणाऱ्या, सुरुवातीच्या टप्प्यातील रुग्णांबाबत, आणि त्यावर शल्यविशारदांमध्ये अनेक दशके मतभेद होते.

या प्रश्नाचे सर्वांत भक्कम उत्तर मुंबईतून आले, हे मला फार महत्त्वाचे वाटते, कारण तंबाखूमुळे होणाऱ्या तोंडाच्या कर्करोगाचा मोठा भार आपणच वाहतो. टाटा मेमोरियल रुग्णालयात २००४ ते २०१४ या काळात ५९६ रुग्णांना चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे, म्हणजे यादृच्छिक पद्धतीने, दोन गटांत विभागण्यात आले. एका गटाच्या मानेतील ग्रंथी सुरुवातीलाच काढल्या गेल्या. दुसऱ्या गटावर नियमित लक्ष ठेवून, मानेत रोग उद्भवला तरच शस्त्रक्रिया करण्यात आली. डॉ. अनिल डिक्रूझ यांच्या नेतृत्वाखालील हे निष्कर्ष २०१५ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये प्रसिद्ध झाले. विश्लेषणात घेतलेल्या ५०० रुग्णांपैकी इलेक्टिव्ह गटात तीन वर्षांनी ८० टक्के, तर दुसऱ्या गटात ६७.५ टक्के रुग्ण हयात होते. रोग परत न येता जगणाऱ्यांचे प्रमाण अनुक्रमे ६९.५ आणि ४५.९ टक्के होते. म्हणजेच आठ रुग्णांची मान आधी हाताळल्यास साधारण एक मृत्यू टळतो.

वाट पाहून नंतर तीच शस्त्रक्रिया केली तर बिघडले कुठे, ही शंका स्वाभाविक आहे. पण सुरुवातीला हाताला किंवा सोनोग्राफीत न लागणारा रोग सुमारे ३० टक्के रुग्णांच्या ग्रंथींमध्ये सूक्ष्म रूपात आधीच पोहोचलेला असतो. तो दिसू लागेपर्यंत अनेकदा ग्रंथीचे आवरण भेदून बाहेर पसरलेला असतो, आणि त्या अवस्थेत तो आटोक्यात आणणे कितीतरी अवघड जाते.

याची दुसरी बाजूही मांडली पाहिजे. उरलेल्या सुमारे ७० टक्के रुग्णांच्या ग्रंथी रोगमुक्तच निघतात, तरी मानेवरील व्रण आणि खांदा उचलताना होणारा त्रास त्यांच्याही वाट्याला येऊ शकतो. गुंतागुंतीचे प्रमाण या चाचणीत इलेक्टिव्ह गटात ६.६ आणि दुसऱ्या गटात ३.६ टक्के होते. तोंडातील गाठ अगदी उथळ, म्हणजे तीन मिलिमीटरपेक्षा कमी खोल असेल, तर आधी मान हाताळण्याचा लाभ तितका स्पष्ट दिसत नाही. म्हणून शस्त्रक्रियेपूर्वी डॉक्टरांना गाठीच्या खोलीबद्दल जरूर विचारावे. मान स्वच्छ वाटणाऱ्या, सुरुवातीच्या टप्प्यातील रुग्णांसाठी काही केंद्रांत प्रथम ज्या ग्रंथीकडे रोग जाण्याचा संभव असतो, तेवढीच शोधून तपासली जाते आणि तिच्यात रोग सापडला तरच उरलेल्या ग्रंथी काढल्या जातात.