सिनॅप्सची झीज पाठीतल्या पाण्यात कशी दिसू लागली

‘पाठीतलं पाणी काढायचंय’ असे डॉक्टरांनी म्हटले की घरच्यांच्या पोटात गोळा येतो. आपल्याकडे ही तपासणी बहुतेकांना टीबीच्या मेंदूज्वरामुळे माहीत असते. याच पाण्यातून मेंदूतल्या जोडण्या किती झिजल्या याचा अंदाज बांधता येईल, ही कल्पना मात्र जेमतेम तीस वर्षांची आहे.

सुई त्याहून खूप जुनी. जर्मनीतल्या कील शहराचे हाइनरिख क्विंके यांनी १८९१ मध्ये, डोक्यात पाणी साठलेल्या मुलांच्या कमरेच्या मणक्यांमधून पोकळ सुई घालून पाण्याचा दाब कमी केला. मज्जारज्जू कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशीच संपतो, त्यामुळे सुई त्याच्या खाली घातली की रज्जूला इजा होत नाही. मोठ्या माणसात मेंदू आणि मज्जारज्जूभोवतीचे हे पाणी साधारण १५० मिलिलिटर असते आणि शरीर रोज सुमारे ५०० मिलिलिटर नवे तयार करते. मेंदूतून झिरपणारे बरेच काही त्यात उतरते.

‘सिनॅप्स’ हा शब्द १८९७ मध्ये चार्ल्स शेरिंग्टन यांनी रूढ केला. दोन चेतापेशी जिथे एकमेकींशी बोलतात ती ही जागा. पण १९०६ मध्ये आलॉइस अल्झायमर यांनी, ज्यांचे नाव पुढे या स्मृतिभ्रंशाच्या आजाराला मिळाले, एका रुग्ण स्त्रीच्या मेंदूतले साके (अमायलॉइड या प्रथिनाचे साठे) आणि तंतूंच्या (टाऊ या प्रथिनाच्या) गुंतवळी दाखवल्या, आणि पुढची कित्येक दशके सगळ्यांची नजर त्यांवरच राहिली. अडचण अशी की साक्यांचे प्रमाण आणि माणसाचा विसरभोळेपणा यांचा मेळ नीट बसत नव्हता. १९९० मध्ये डेकॉस्की आणि शेफ यांनी अल्झायमरच्या रुग्णांच्या मेंदूतले तुकडे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली तपासून सिनॅप्स मोजले. १९९१ मध्ये रॉबर्ट टेरी यांच्या गटाने मृत्यूनंतर मिळालेल्या मेंदूंवर तेच पाहिले. बुद्धीच्या घसरणीशी सर्वांत घट्ट नाते सिनॅप्सच्या घटीचे निघाले. या विषयाची खरी सुरुवात मी इथे मानतो.

पण जिवंत माणसाचे सिनॅप्स मोजायचे कसे? स्वीडनमधल्या गोथेनबर्गच्या काय ब्लेनो यांच्या गटाने पाठीतल्या पाण्याचा मार्ग धरला. १९९६ मध्ये त्यांना त्यात सिनॅप्टोटॅगमिन हे सिनॅप्समधले प्रथिन सापडले, १९९९ मध्ये तसेच दुसरे, न्यूरोग्रॅनिन. ही प्रथिने इतकी थोडी असतात की ती ‘आहेत’ हे कळण्यापासून ती विश्वासाने मोजता येण्यापर्यंत बराच काळ गेला. शिवाय पाणी ठेवायच्या नळीचाही प्रश्न होता. पॉलिस्टायरीनच्या नळीत अमायलॉइड भिंतीला चिकटते आणि आकडा खोटाच कमी येतो, म्हणून पॉलिप्रॉपिलीनची नळी लागते. साध्या प्लास्टिकने निदान चुकू शकते, हा धडा या क्षेत्राला मिळाला.

न्यूरोग्रॅनिन अवघ्या ७८ अमिनो आम्लांचे. चेतापेशीच्या फांद्यांवरच्या बारीक काट्यांत ते कॅल्मोड्युलिन या दुसऱ्या प्रथिनाला धरून बसते आणि कॅल्शियम आत आले की सोडते. आठवण पक्की होण्यात या देवघेवीचा वाटा आहे. अल्झायमरमध्ये ते मेंदूत कमी होते, पाण्यात वाढते. भिंतीचा गिलावा सुटला की भिंत उघडी पडते आणि खाली ढीग साचतो, तसे. मात्र हा दाखला पुरता पडत नाही: मेंदूच्या पुढच्या भागाच्या स्मृतिभ्रंशातही चेतापेशी मरतात, तरी न्यूरोग्रॅनिन सहसा वाढत नाही. क्रॉइट्झफेल्ट-जेकब या मेंदू झपाट्याने नासवणाऱ्या आजारात मात्र ते वाढते. म्हणजे नुसती पडझड मोजली जात नसून आजाराची आपली अशी काही रीत त्यात उमटते, आणि मला हीच गोष्ट सर्वांत मोलाची वाटते.

पुढे स्नॅप-२५ आणि जीएपी-४३ या सिनॅप्सच्या आणखी दोन प्रथिनांचीही पाण्यात वाढ दिसली. २०१७ मध्ये जॉन्स हॉपकिन्सच्या गटाने उलटी दिशा दाखवली: न्यूरोनल पेंट्रॅक्सिन-२ हे सिनॅप्सचे प्रथिन पाण्यात घटते, आणि ते जितके कमी तितकी बुद्धीची कामगिरी खालावलेली.

टाऊचे काही प्रकार आता रक्तातही मोजता येतात. न्यूरोग्रॅनिनचे तसे नाही. अल्झायमरमध्ये रक्तातल्या त्याच्या पातळीत फरक दिसत नाही, म्हणून त्यासाठी सुई टळत नाही. लेकानेमॅब या साके हटवणाऱ्या औषधाच्या १,७९५ जणांच्या चाचणीत काहींनी ती सुई घेऊ दिली. औषध मिळालेल्यांच्या पाण्यात न्यूरोग्रॅनिन, नुसता द्रव मिळालेल्यांपेक्षा कमी निघाले.