करंज तेलापासून बायोडिझेल

करंजाच्या बियांतील तेलाची मिथेनॉलशी अभिक्रिया घडवून मिळणारे इंधन. तेल मुळात डिझेलपेक्षा खूप दाट असते आणि इंजिनात नीट फवारले जात नाही. अभिक्रियेत तेलाच्या एका रेणूशी मिथेनॉलचे तीन रेणू जुळतात. तीन मिथिल एस्टर, म्हणजेच बायोडिझेल, आणि एक ग्लिसरीन तयार होते. उत्प्रेरक म्हणून पोटॅशियम किंवा सोडियम हायड्रॉक्साइड ही अल्कली वापरतात.

तापमान, वेळ, प्रमाण यांची चर्चा बरीच होते, पण खरा निकाल तेलाच्या प्रतीवर लागतो. बिया दमट जागी साठवल्या की विकरांमुळे (एन्झाइममुळे) तेलाचे विघटन होऊन मुक्त मेदाम्ले, म्हणजे तेलाच्या रेणूतून सुटी झालेली आम्ले, वाढतात. अशा तेलात अल्कली टाकली तर उत्प्रेरक खर्ची पडून साबण होतो. साबणामुळे ग्लिसरीन आणि एस्टर यांचे थर वेगळे होत नाहीत. तेलात पाणी असेल तर एस्टरचेही विघटन होऊन आणखी मेदाम्ले सुटतात. म्हणून तेल आधी तापवून कोरडे करावे आणि अनुमापनाने, म्हणजे ठरावीक तीव्रतेची अल्कली थेंबथेंब घालून, त्यातील आम्ल मोजावे, हे टाळून चालत नाही. मेदाम्ले सुमारे १ ते २ टक्क्यांहून जास्त असल्यास प्रथम सल्फ्युरिक आम्लाच्या साहाय्याने त्यांचे मिथेनॉलशी एस्टर करतात. हा टप्पा संथ असतो. त्यात तयार झालेले पाणी काढल्यावरच अल्कलीची पाळी येते.

तेल शुद्ध असेल तर पुढचे काम सोपे. हिशेबाने एका रेणूला तीन मिथेनॉल पुरतात, पण अभिक्रिया उलटही फिरते, म्हणून सहा घेतात. त्याहून फार वाढवले तर ग्लिसरीन एस्टरमध्ये विरघळून राहते. उत्प्रेरक तेलाच्या वजनाच्या सुमारे १ टक्का असतो; तो आधी मिथेनॉलमध्ये विरघळवतात. तापमान ६०° से.च्या आसपास ठेवतात, कारण मिथेनॉल ६४.७° से.ला उकळते. त्याची वाफ विषारी व ज्वालाग्राही असल्याने उघड्या भांड्यात हे काम कधीही करू नये. तेल आणि मिथेनॉल एकमेकांत मिसळत नसल्याने सुरुवातीला जोरात ढवळावे लागते. बहुतेक रूपांतर पहिल्या काही मिनिटांतच होते, तरी साधारण तासभर देतात.

ग्लिसरीन तळाशी बसते. वरचा थर कोमट पाण्याने हळुवार धुऊन वाळवतात. भारतीय मानक आयएस १५६०७ नुसार त्यात किमान ९६.५ टक्के एस्टर लागते.