गणनीय व अगणनीय नामे (इंग्रजी व्याकरण)

इंग्रजी भाषा एखाद्या वस्तूकडे सुटे नग म्हणून पाहते की अखंड राशी म्हणून, यावरून त्या भाषेतील सामान्यनामांचे गणनीय व अगणनीय असे दोन वर्ग पाडले जातात. ‘बुक’, ‘चेअर’, ‘आयडिया’ ही नामे गणनीय होत. त्यांना अनेकवचन असते, त्यांच्याआधी संख्या थेट येते, आणि एकवचनात ती ‘अ’, ‘द’, ‘माय’ यांसारख्या निर्धारकावाचून सहसा वापरली जात नाहीत. ‘वॉटर’, ‘म्युझिक’, ‘फर्निचर’ या अगणनीय नामांना मात्र ‘अ’ हे उपपद लागत नाही, आणि त्यांचे प्रमाण ‘मेनी’ने नव्हे, तर ‘मच’ने सांगतात.

हा भेद वस्तूंचा नसून शब्दांचा आहे, हे पाठ्यपुस्तकांतील ‘मोजता येते ते गणनीय’ या सोप्या व्याख्येत हरवून जाते. खुर्च्या मोजता येतात, म्हणून ‘चेअर’ गणनीय आहे. पण त्याच खुर्च्यांना ‘फर्निचर’ म्हटले की ते नाम अगणनीय ठरते. गव्हासाठीचे ‘व्हीट’ अगणनीय, तर ‘ओट्स’ हे दुसऱ्या धान्याचे नाव अनेकवचनी, याला दाण्यांच्या आकाराचा काही आधार नाही. मराठीत बातम्या आणि सल्ले मोजले जातात, इंग्रजीत ‘न्यूज’ आणि ‘अ‍ॅडव्हाइस’ मोजता येत नाहीत. त्यातही ‘न्यूज’च्या शेवटी अनेकवचनासारखा प्रत्यय दिसत असूनही त्याला एकवचनी क्रियापद लागते. अशी नामे मोजायची झाल्यास ‘अ पीस ऑफ अ‍ॅडव्हाइस’ अशी एककवाचक रचना करावी लागते.

अनेक नामे दोन्ही वर्गांत वावरतात. ‘ग्लास’ म्हणजे काच, ‘अ ग्लास’ म्हणजे पेला. ‘कॉफी’ हा पदार्थ, तर ‘टू कॉफीज’ म्हणजे दोन पेले कॉफी. म्हणून गणनीयता हा नामाचा कायमचा गुण न मानता त्याच्या वापराचा मानणे अधिक योग्य ठरते. वाटाण्यासाठीचा ‘पीझ’ हा शब्द मूळचा एकवचनी होता. पुढे त्याच्या अंत्य ध्वनीला अनेकवचनाचा प्रत्यय समजून सतराव्या शतकात ‘पी’ हे नवे एकवचन घडवले गेले.

‘लेस’ आणि ‘फ्यूअर’ या दोन्हींचा अर्थ ‘कमी’. गणनीय नामांशी ‘लेस’ऐवजी ‘फ्यूअर’ वापरावे, हा आग्रह इंग्रजी भाषेच्या वापरावर लिहिणारे रॉबर्ट बेकर यांनी 1770 मध्ये नोंदवलेल्या वैयक्तिक पसंतीपर्यंत मागे नेता येतो. नंतर त्याला नियमाचे रूप आले, तरी ‘लेस’चा तसा वापर त्याआधी कित्येक शतके रूढ होता.