एनए इंजिनचा स्टॉक एअर इन्टेक बदलणं

टर्बो किंवा सुपरचार्जर नसलेल्या, म्हणजे एनए (नॅचरली अ‍ॅस्पिरेटेड) गाडीत कंपनीने दिलेला हवेचा रस्ता, म्हणजे पुढचं तोंड, फिल्टरचा डबा आणि तिथून थ्रॉटल बॉडीपर्यंत (अ‍ॅक्सिलरेटर दाबल्यावर उघडणाऱ्या झडपेपर्यंत) जाणारा पाईप, हे सगळं किंवा यातलं काही काढून दुसरं बसवणं म्हणजे इन्टेक बदलणं. गाडी मॉडिफाय करणारे बरेच जण सुरुवात इथूनच करतात, कारण इंजिन उघडावं लागत नाही, पाना आणि स्क्रूड्रायव्हर एवढ्यावर काम होतं आणि आवाजातला फरक पहिल्याच फेरीत ऐकू येतो. पॉवरचं मात्र वेगळं आहे, ती मिळते पण किती मिळू शकते याला एक पक्की मर्यादा आहे आणि ती आधी समजून घेतली की पुढचं सगळं सोपं होतं.

एनए इंजिन हवा ओढतं असं आपण म्हणतो, खरं तर पिस्टन खाली गेला की सिलिंडरमधला दाब पडतो आणि बाहेरचं वातावरण हवा आत ढकलतं. हा ढकलणारा दाब समुद्रसपाटीला साधारण १०१ किलोपास्कल, त्यापेक्षा जास्त देणारं तिथे काहीच नाही. आता २ लिटरचं फोर स्ट्रोक इंजिन ६००० आरपीएमला साधारण मिनिटाला ६००० लिटर म्हणजे सेकंदाला १०० लिटर हवा घेतं, आणि एवढी हवा फिल्टर, वळणं, अरुंद तोंड यातून जाताना थोडा दाब वाटेतच खर्च होतो. नवीन इन्टेक फक्त हा खर्च झालेला दाब परत देऊ शकतो. समजा थ्रॉटलच्या आधी २ किलोपास्कल जात असतील तर जगातला सगळ्यात चांगला इन्टेक लावूनही फायदा साधारण २ टक्क्यांच्या आसपासच, १०० हॉर्सपॉवरवर २. टर्बो गाडीत कॉम्प्रेसर हवा दाबतो आणि बूस्ट म्हणजे हा वाढीव दाब आणखी वाढवायला जागा असते, म्हणून तिथले आकडे बघून एनए गाडीकडून तीच अपेक्षा ठेवू नये.

दाबाइतकंच, किंबहुना जास्त, महत्त्व तापमानाला आहे. २० अंशाला एक घनमीटर हवेचं वजन १.२ किलो भरतं, ५० अंशाला तेच १.०९ किलो, म्हणजे ९ टक्के हवा कमी, आणि वरून हवा गरम आहे म्हणून ईसीयू म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर इग्निशन मागे घेतो, ठिणगी उशिरा टाकतो, ते वेगळंच. शॉर्ट रॅम म्हणजे आखूड पाईप आणि टोकाला उघडा कोन फिल्टर, तो बॉनेटखाली रेडिएटरची आणि एक्झॉस्टची गरम हवा घेतो, त्यामुळे फिल्टर कितीही मोकळा असला तरी ट्रॅफिकमध्ये गाडी स्टॉकपेक्षा मंद वाटू शकते. कोल्ड एअर इन्टेकमध्ये फिल्टर खाली बंपर किंवा फेंडरच्या आत नेलेला असतो, हवा थंड मिळते. पाईप अ‍ॅल्युमिनियमचा की प्लास्टिकचा यावर मात्र उगाच वाद होतात, ७५ एमएमच्या पाईपमधून वर सांगितलेली हवा सेकंदाला जवळपास २३ मीटरने जाते, अर्ध्या मीटरच्या पाईपमध्ये ती सेकंदाच्या चाळिसाव्या भागाइतकीही थांबत नाही, तेवढ्यात काय तापणार. पुढून येणारा वारा हवा दाबून आत घालतो हेही फार मोठं समजू नये, ताशी १०० किलोमीटरला त्या वाऱ्याचा दाब अर्ध्या किलोपास्कलपेक्षा कमी असतो.

स्टॉक डबा आणि रेझोनेटर

कंपनीचा डबा म्हणजे निव्वळ काटकसर हा समज चुकीचा आहे. बऱ्याच गाड्यांमध्ये तो बॉनेटच्या पुढच्या कडेजवळून थंड हवाच घेतो. पाईपला बाजूला जोडलेला रिकामा डबा दिसतो तो रेझोनेटर, हेल्महोल्ट्झच्या तत्त्वावर एका ठराविक फ्रिक्वेन्सीचा आवाज गिळतो. हवा त्याच्यातून वाहत नाही, तो नुसता बाजूला असतो, म्हणून तो काढून पॉवर वाढेल असं समजणं बरोबर नाही, आवाज वाढेल हे नक्की.

सेन्सरचा भाग

इथे सगळ्यात जास्त गाड्या बिघडतात. मास एअरफ्लो सेन्सरमध्ये तापवलेली तार किंवा फिल्म असते, हवेने ती किती थंड होते यावरून हवेचं वजन काढलं जातं, पण हा हिशोब मूळ पाईपच्या व्यासावर बसवलेला असतो. ७० एमएमच्या जागी ७६ एमएमचा पाईप आला की तेवढ्याच हवेचा वेग १५ टक्क्यांनी पडतो, सेन्सर हवा कमी सांगतो आणि ईसीयू पेट्रोल कमी देतो. सावकाश चालवताना ऑक्सिजन सेन्सर बघून ईसीयू सावरून घेतो, पण अनेक गाड्यांत फुल थ्रॉटलला तो या सेन्सरकडे बघतच नाही, मग मिश्रण लीन होतं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतं, आणि नॉकिंगचा (मिश्रण अवेळी पेटून ठोके बसण्याचा) धोका तयार होतो. चेक लाईट पेटून पी ०१७१ हा मिश्रण लीन असल्याचा कोड येतो तो यामुळेही असू शकतो. म्हणून सेन्सरच्या जागेचा व्यास तोच ठेवावा नाहीतर ट्यूनिंग करून घ्यावं. मॅप सेन्सरवर (हवेचा दाब मोजणाऱ्या सेन्सरवर) चालणाऱ्या गाड्यांना हा त्रास नाही कारण तिथे दाब थ्रॉटलच्या नंतर, सिलिंडरकडे हवा वाटणाऱ्या मॅनिफोल्डमध्ये मोजतात. क्रॅंककेसचा (इंजिनच्या खालच्या पोकळीचा) ब्रीदर पाईप उघडा सोडणं ही आणखी एक नेहमीची चूक, तो फिल्टर आणि सेन्सरच्या नंतरच जोडायचा.

फिल्टर निवडताना लक्षात ठेवायचं की जास्त हवा सोडणारा फिल्टर धूळही जास्त सोडू शकतो. आयएसओ ५०११ या चाचणीत अडथळा, धूळ अडवण्याची क्षमता आणि किती धूळ साठते हे तिन्ही मोजतात, त्यातला एकच आकडा दाखवणाऱ्यावर विश्वास ठेवू नये. तेल लावायच्या कॉटन फिल्टरला धुतल्यावर तेल जास्त झालं तर ते सेन्सरच्या तारेवर जाऊन बसतं. आत धूळ जाते का हे इंजिन ऑइलच्या तपासणीत सिलिकॉन वाढलंय का त्यावरून कळतं.

पाण्याचा धोका खाली बसवलेल्या फिल्टरला असतो, तो पूर्ण बुडाला तर इंजिन हवेऐवजी पाणी घेतं, पाणी दाबलं जात नाही आणि पिस्टनला जोडलेला कनेक्टिंग रॉड वाकू शकतो. साचलेल्या पाण्यातून जाणं होत असेल तर स्टॉक उंचीच बरी.

मायलेज वाढेल म्हणून हे करू नये. रोजच्या चालवण्यात थ्रॉटल अर्धवट बंद असतो आणि मोठा अडथळा तोच असतो, अमेरिकेतल्या ओक रिज प्रयोगशाळेने २००९ मध्ये मुद्दाम चोंदवलेले फिल्टर लावून बघितलं तेव्हाही नव्या इंजेक्शन गाड्यांच्या मायलेजला फारसा फरक पडला नाही, पिकअपला म्हणजे वेग पकडण्याला पडला.

खर्च करण्याआधी मोजून बघणं अगदी सोपं आहे. पारदर्शक नळी यू आकारात वाकवून त्यात पाणी भरायचं, एक टोक थ्रॉटलच्या अगदी आधी पाईपला जोडायचं आणि डायनोवर (गाडी जागेवर चालवून पॉवर मोजणाऱ्या यंत्रावर) फुल थ्रॉटलला वरच्या आरपीएमवर दोन बाजूंच्या पाण्यात किती फरक येतो ते बघायचं, १० सेंटीमीटर म्हणजे जवळपास १ किलोपास्कल. नळी चांगली उंच घ्यावी म्हणजे पाणी इंजिनात ओढलं जाणार नाही. मग तेच फिल्टरच्या आधी आणि लगेच नंतर जोडून मोजलं की अडथळा फिल्टरचा, पाईपचा की तोंडाचा ते वेगळं कळतं, आणि कित्येकदा नुसता डब्यातला चपटा पॅनल फिल्टर बदलून किंवा पुढचं तोंड मोठं करून काम भागतं. नवीन इन्टेक लावल्यावर डायनो करताना बॉनेट बंद ठेवायला सांगावं, उघड्या बॉनेटसमोर पंखा लावला की शॉर्ट रॅमलाही थंड हवा मिळते आणि आकडा रस्त्यावर कधीच न दिसणारा येतो.